शेक किती दिवस, सोबत कोण?

सिगारेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर २०१८ पासून एक फोन नंबर छापलेला असतो. तंबाखू सोडायची असेल तर इथं फुकट फोन करा, असं सांगणारा. पाकिटाचा ८५ टक्के भाग सडलेल्या तोंडाच्या चित्रानं आणि इशाऱ्यानं व्यापलेला असतो, तेही कायद्यानं. मुंबई-दिल्लीत बसून पाहिलं तर योजनेत खोट काढायला जागा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र ती पानठेल्यापाशी येऊन अडते. इथं लोक खर्रा खातात, आणि खर्ऱ्याला पाकीटच नसतं. ठेलेवाला सुपारी, तंबाखू आणि चुना गिऱ्हाइकासमोर घोटतो, पन्नीत बांधून हातावर ठेवतो. त्या पन्नीवर ना चित्र, ना नंबर.

राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. खर्रा तिच्या आधीही होता आणि नंतर आणखी फोफावला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेतात असं दिसलं होतं, आणि त्यातले बहुतेक चघळणारे. गडचिरोलीची गोष्ट या सरासरीत मावत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये इथं ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी जिल्ह्यातल्या घराघरांचा हिशेब मांडून २०१३ मध्ये दाखवून दिलं, की लोक वर्षाला सुमारे ७३ कोटी रुपये तंबाखूवर घालवतात. दारूबंदी असलेल्या, राज्यातल्या सर्वांत गरिबांपैकी एका जिल्ह्यातला हा आकडा. पुढं २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू झालं. गावोगावी सभा, पानठेल्यांविरुद्ध ठराव, शाळांमधले कार्यक्रम ही त्याची कामं.

खर्ऱ्याचा पहिला हिशेब तोंडच देतं. आधी भाजी तिखट लागू लागते, मग गाल आतून ताठरतो. चार बोटं मावणाऱ्या तोंडात तीन मावतात, मग दोन. नागपूरच्या संशोधकांनी अशा १००० रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता. ही अवस्था कर्करोगाच्या अलीकडची. कुणी थांबतं, कुणी पलीकडे जातं.

पण हा लेख खर्रा सोडवण्याबद्दल नाही. ‘सोडा’ म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं काम चालू आहे. मला विचारायचंय ते त्या माणसाबद्दल, ज्याच्या हातात तपासणीचा कागद पडला आहे आणि त्यावर कर्करोग लिहिलेला आहे. त्याला पुढचं कोण सांगतं? आणि खिशातल्या मोबाइलचा त्याला काय उपयोग होतो?

कागदोपत्री पाहिलं तर डिजिटल साधनं या जंगलात कधीच पोचली आहेत. आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते: तंबाखू खाता का, तोंडात बरी न होणारी जखम आहे का, स्तनात गाठ आहे का, अंगावरून अवेळी जातं का. नर्सबाईंच्या टॅबमध्ये ती माहिती चढते. आरोग्य उपकेंद्रात ‘ई-संजीवनी’वरून मोठ्या डॉक्टरांशी बोलता येतं; ही सेवा २०१९ मध्ये सुरू झाली आणि कोरोनाच्या काळात घराघरांत गेली. आयुष्मानचं कार्ड आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. या योजनेचा पहिला अवतार २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात गडचिरोली होतं. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, तो संगणकावर मंजुरी मागवतो.

या सगळ्यात माहितीचा प्रवास एकाच दिशेनं होतो. ती गावातून निघते, तालुक्याला जाते, मुंबई-दिल्लीच्या पडद्यावर आकडा होऊन बसते. रुग्णाकडे परत काय येतं? एक शब्द: रेफर. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटर, भामरागडहून गडचिरोलीही जवळपास तेवढंच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. ‘नागपूरला दाखवा’ हे वाक्य लिहायला डॉक्टरला तीन सेकंद लागतात. ऐकणाऱ्याच्या घरात मात्र त्या वाक्याभोवती बैठक बसते: कोण जाणार, गुरं कुणाकडे ठेवायची, तेंदूपत्त्याचा हंगाम बुडाला तर वर्ष कसं काढायचं.

हेमलकशाला १९७३ पासून दवाखाना चालवणाऱ्या डॉ. प्रकाश आमटे यांना २०२२ मध्ये रक्ताचा कर्करोग झाल्याचं सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. त्यांचेही उपचार पुण्यात झाले. पण कुठं जायचं, कुणाला विचारायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्याच रस्त्यानं जाणाऱ्या माडिया आदिवासी माणसाला ते ठाऊक नसतं, आणि दोघांतला मोठा फरक माझ्या मते तिथंच आहे. पैशांची सोय योजनेतून होऊ शकते. निवड करण्याची सोय कुठल्याच योजनेत नाही.

निवड हा शब्द इथं जड वाटेल. गरिबाला कसली आलीय निवड, डॉक्टर सांगतील ते करायचं, असं आपण सहज म्हणतो. मला हे पटत नाही, आणि कारण भावनेचं नाही. या जिल्ह्यांत जे कर्करोग जास्त दिसतात त्यांच्या उपचारांत खरोखर पर्याय आहेत. गंमत अशी, की त्यातल्या काही पर्यायांचा निकाल परळच्या टाटा मेमोरियलमध्ये, अशाच खर्रा-तंबाखू खाणाऱ्या, अशाच लांबून आलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासातून लागला आहे.

तोंडाचा कर्करोग घ्या. गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही. शस्त्रक्रियेत फक्त तोंडातली गाठ काढायची, की मानेतल्या ग्रंथीही त्याच वेळी काढायच्या? घरच्यांना लहान चीर बरी वाटते. मानेचं पुढं पाहू म्हणतात. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांवर हाच प्रश्न तपासला आणि २०१५ मध्ये निकाल जाहीर केला. मानेच्या ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. ‘पुढं पाहू’ गटातले ६७.५ टक्के. आता विचार करा, ‘पुढं पाहू’ म्हणजे दर एक-दोन महिन्यांनी दाखवायला येणं. एटापल्लीच्या माणसाला ते जमणार आहे का? त्याच्यासाठी मोठी चीर हीच कदाचित सोयीची. पण हे त्याला समजावून कुणी सांगितलं तर!

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. आपल्याकडे बायकांच्या कुठल्याही दुखण्यावर ‘पिशवी काढून टाका’ हा तोडगा इतका रुळला आहे, की कर्करोग कळल्यावरही तीच मागणी येते. पिशवी काढली की चार-आठ दिवसांत घरी. शेक म्हणजे पाच-सहा आठवडे गावाबाहेर. (किरणोत्सर्गाला गावात ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात.) पुन्हा टाटा मेमोरियलचाच अभ्यास, २०१८ चा, ६३३ स्त्रियांवरचा. मधल्या टप्प्यातल्या आजारात एका गटाला आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया, दुसऱ्याला शेक आणि सोबत केमो. शेक घेतलेल्यांपैकी ७६.७ टक्के स्त्रियांचा आजार पाच वर्षांत परतला नव्हता; शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के. एकूण किती जगल्या यात फारसा फरक नव्हता, हेही सांगायला हवं. म्हणजे उत्तर काळं-पांढरं नाही. पण ‘पिशवी काढली की संपलं’ हे मात्र खरं नाही, आणि पाच-सहा आठवडे राहण्याची सोय लागली तर शेकाकडे पाठ फिरवायचं कारण उरत नाही.

स्तनाच्या कर्करोगात उलटं होतं. स्तन वाचवून फक्त गाठ काढली आणि नंतर शेक घेतला, तर जगण्याची शक्यता पूर्ण स्तन काढण्याइतकीच असते, हे इटली आणि अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ मध्येच पक्कं झालं. जंगलातल्या बाईला मात्र बहुधा पूर्ण स्तन काढण्याकडेच वळवलं जातं, कारण शेकाला पाच आठवडे ती कुठं राहणार? पण २०२० मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासानं दाखवलं, की बऱ्याच रुग्णांत एका आठवड्यातले पाच डोसही पुरतात. प्रत्येक बाईला ते लागू पडतं असं नाही. पण पाच आठवड्यांचा एक आठवडा होऊ शकतो का, हा प्रश्न विचारायचा असतो हे तिला माहीत असायला नको का?

आणि सर्वांत अवघड जागा: जिथं आजार बरा होणार नाही असं डॉक्टरांना कळलेलं असतं. तोंड-घशाच्या अशा रुग्णांना शिरेतून केमो द्यायची तर दर काही आठवड्यांनी रुग्णालय गाठायचं. टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी ४२२ रुग्णांच्या अभ्यासात त्याऐवजी दोन स्वस्त गोळ्या देऊन पाहिल्या, घरी राहून घ्यायच्या. २०२० मध्ये निकाल आला: केमोच्या गटात निम्मे रुग्ण ६.१ महिन्यांपर्यंत जगले, गोळ्यांच्या गटात ७.५ महिन्यांपर्यंत. फरक सुमारे दीड महिन्याचा. पण तो दीड महिना आणि त्याआधीचे सहा महिने आपल्या अंगणात, एसटीच्या खिडकीशी उलट्या न करता गेले असतील, तर त्याची किंमत कोणत्या तक्त्यात मांडणार? गोळ्या कुणाला चालतात आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार. पण ही वाट आहे हे ठाऊक नसलेलं घर शेवटचं शेत गहाण ठेवून नागपूरच्या फेऱ्या मारत राहतं.

हे सारं इंग्रजी नियतकालिकांत छापलेलं आहे. ज्यांच्या शरीरांवरून ते कळलं त्यांच्या गावांत ते परत आलेलं नाही.

आता साधनांकडे येऊ. रुग्णाला पर्याय समजावणारी पुस्तिका, चित्रफीत किंवा संगणकावरची प्रश्नोत्तरं जगभर वापरली जातात. अशा २०९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये निघाला. त्यात दिसलं, की अशी साधनं पाहिलेल्या लोकांना आजार जास्त कळतो, धोक्यांचा अंदाज बरोबर येतो आणि निर्णयात ते भाग घेतात. बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले, वाचता येणाऱ्या माणसांवरचे. आपल्याकडे २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडनं देशभरची कर्करोग रुग्णालयं जोडली. टाटा मेमोरियलसोबत काम करणाऱ्या ‘नव्या’ या सेवेत रुग्णाचे कागद संगणकावर चढवले, की तज्ज्ञांचं मत लेखी मिळतं. मुंबईला न जाता. नागपुरातल्या शिक्षकाला, चंद्रपुरातल्या खाण-कामगाराच्या शिकलेल्या मुलीला हे सोनं आहे. पण कागद स्कॅन करून चढवणं, उत्तर वाचणं, ते बापाला सांगणं, या तीनही पायऱ्यांवर घरात कुणीतरी शिकलेलं लागतं.

टाटा ट्रस्ट्स, राज्य सरकार आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून चंद्रपुरात १४० खाटांचं कर्करोग रुग्णालय उभं राहिलं आहे. कोळशाच्या पैशातून कर्करोगाचं रुग्णालय. या शहराची हवा ज्यांनी घेतली आहे त्यांना यावर वेगळं काही सांगायला नको. यामुळे अंतर कमी होईल, निदान चंद्रपूर, मूल, गोंडपिपरीकडच्यांचं. २०१८ मध्ये जिल्हा रुग्णालयांतच केमो देण्याची योजना निघाली तेव्हा पहिल्या यादीत गडचिरोलीचं नाव होतं. इमारती येतात. प्रश्न इमारतीत शिरण्यापूर्वीच्या रात्रीचा आहे, जेव्हा घरचे बसून ठरवतात जायचं की नाही.

त्या रात्री मोबाइल काय सांगतो? खरं सांगायचं तर तो खोटंच जास्त सांगतो. गरम नारळपाण्यानं कर्करोग बरा होतो, असा संदेश २०१९ मध्ये टाटा मेमोरियलच्या संचालकांच्या नावानं फिरला. तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांना तो आपला नाही असं सांगावं लागलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूनं पत्नीचा आजार हळद-कडुनिंबाच्या आहारानं बरा झाल्याचं सांगितलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांनी सही करून खुलासा काढला. नारळपाण्यासारखा संदेश फोनवरून हातोहात फिरतो. खुलासा मुळात इंग्रजी पत्रक होतं. पळण्याची शर्यत कोण जिंकणार हे सांगायला पंच लागत नाही.

म्हणून मला वाटतं, इथलं साधन वाचायचं नव्हे, ऐकायचं असायला हवं. आणि ते मराठीतच असून भागणार नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख नोंदले गेले. या जिल्ह्यांत त्याशिवाय माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली, आणि मराठीतही झाडीबोली. सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केलं. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, परत फोन येतो, गोंडीत बातमी ऐकायची किंवा आपली सांगायची. ना इंटरनेट, ना अक्षरं. केंद्र सरकारनं २०२५ मध्ये ‘आदिवाणी’ हे भाषांतराचं साधन आणलं, त्यात गोंडी आहे, छत्तीसगडची. भामरागडची माडिया त्यात कितपत ओळखली जाईल हे तिथल्या म्हाताऱ्या बाईला बोलतं करूनच कळेल. कर्करोगाच्या औषधांच्या डोसाबद्दल यंत्राचं भाषांतर तपासल्याशिवाय कानात सोडू नये, एवढं तरी आपण कबूल करू.

मिस्ड कॉलची ती पद्धत आणखी एका कारणानं महत्त्वाची. मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेच्या ‘एम-मित्र’मधून गरोदर बाईला तिनं निवडलेल्या वेळी आवाजी फोन येतो. बाळंतपणाला ते उत्तम. कर्करोगात मात्र घरानं रुग्णाला बरेचदा सांगितलेलंच नसतं. ‘गाठ आहे, बरी होईल’ एवढंच त्याला माहीत. फोन मुलाचा, आणि तोही अर्ध्या घराचा. बाहेरून फोन येऊन ‘तुमच्या कर्करोगाच्या उपचाराबद्दल’ असं बोलू लागला तर घरात काय उसळेल? रुग्णानं स्वतः हाक दिली, तेव्हाच उत्तर यावं. किती ऐकायचं हेही त्यानंच ठरवावं: कुणाला टक्केवारी हवी असते, कुणाला फक्त शेक किती दिवस आणि सोबत कोण राहू शकतं एवढंच.

आवाज कुणाचा? इथं दिल्लीच्या निवेदिकेचा नको. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर. दिवाळी झाली की मंडया भरतात आणि रात्रभर नाटकं चालतात. गडचिरोलीचे झाडीपट्टी नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पहाटेपर्यंत हजारोंना खिळवून ठेवणाऱ्या या नटांना नाकातली नळी, मानेची चीर, शेकाचे दिवस हे दहा मिनिटांत सांगता येईल. सरकारी चित्रफिती मी पाहिल्या आहेत. त्यांच्यात रडतंही कुणी खरं नाही.

तरीही आवाज एकटा पुरत नाही. टाटा मेमोरियलनं रुग्णांना रुग्णालयाच्या चक्रव्यूहातून नेणारी माणसं तयार करायला ‘केवट’ नावाचा अभ्यासक्रम काढला. टीसीएसच्या ‘डिजिटल नर्व्ह सेंटर’ची सुरुवात कर्नाटकातल्या कोलारमधून झाली; तिथंही संगणकामागे माणूसच बसतो आणि रुग्णाला पुढची तारीख फोनवर सांगतो. यंत्र चांगलं चाललं तिथं त्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलं आढळतं. बीडशेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ४९७ गावांतल्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये जगभर गाजला. गर्भाशयमुखाची एकच एचपीव्ही तपासणी मृत्यू निम्म्यावर आणते, हे त्यानं दाखवलं. तिथंही तपासणीइतकंच महत्त्व होतं घरोघर जाऊन बायकांना बोलावणाऱ्या माणसांना.

आपल्या जंगलात ते माणूस म्हणजे आशाताई. गावात आवाज ऐकवायचा तर तिच्याच मोबाइलवर, तिच्याच ओसरीत. एकदा ऐकून कळत नाही, दुसऱ्यांदा लावावं लागतं. मग मुलगा विचारतो, नळी किती दिवस राहील. सून विचारते, नागपूरला राहायला कुठं मिळतं, मेळघाटकडच्या एकीनं सांगितलेली धर्मशाळा खरी की खोटी. तासभर सहज जातो, कधी दोन. तपासणीचा फॉर्म भरल्याबद्दल आशाताईला माणशी दहा रुपये मिळतात. रुग्णाशेजारी बसून त्याला उपचाराचे पर्याय ऐकवण्याचा, समजावण्याचा तो तास कुठल्याच देयकात लिहिता येत नाही. चंद्रपूरच्या नव्या रुग्णालयानं किंवा जिल्हा परिषदेनं आधी तेवढा एक रकाना वाढवावा. ध्वनिफिती बनवायला वडशाचे नट मंडई संपल्यावर, होळीनंतर मोकळेच असतात.